एकेचाळीस बशा

कंपनीचं उत्तर आलं तेव्हा वहिनी वकीलबाईंच्या टेबलासमोर बसली होती. उत्तर सोळा पानांचं होतं. वकीलबाईंनी पंधरा पानं भराभर उलटली आणि सोळावं तिच्यापुढे सरकवलं. त्यावर गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या एकेचाळीस बशांचे फोटो होते.

बशा पालथ्या घालून फोटो काढले होते. प्रत्येकीच्या बुडाला, जिथं चकाकी नसते त्या खरखरीत कडेवर, निळ्या शाईचा शिक्का होता. एक पान, देठासकट. आणि प्रत्येकीला तडा.

"शिक्का तुमचा?" वकीलबाईंनी विचारलं.

"शिक्का माझा. बशा माझ्या नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी या पास केलेल्या नाहीत. ही बघा, हिचा तडा काठापासून मध्यापर्यंत गेलाय. हातोडी लावली की ही खट्ट करून बोंबलली असती. एकोणीस वर्षांत अशी एखादी सुटली असेल, दोन सुटल्या असतील. एकेचाळीस? मी काय घोरत होते?"

"कंपनीचं म्हणणं साधारण तेच आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यानं वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई आपली वकील आहे की कंपनीची? मागच्याच आठवड्यात कोर्टाच्या जिन्यात तिनं वकीलबाईंना कंपनीच्या वकिलाबरोबर हसताना बघितलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, कॉलेजात एका बाकावर होतो आम्ही." एका बाकावर होते! म्हणजे खरं तर जास्तच भ्यायला हवं.

वहिनी चिनी मातीच्या बशांच्या कारखान्यात तपासणीला होती. भट्टीतून भाजून आलेली बशी डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायची, उजव्या हातातल्या छोट्या लाकडी हातोडीनं काठावर हलकेच ठोकायची आणि ऐकायचं. चांगली बशी लांबवर घुमते. तडा असेल, मग तो केसाएवढा का असेना, डोळ्याला दिसो न दिसो, तर आवाज तिथल्या तिथं मरतो. मग ती बाजूच्या टोपल्यात. चांगलीच्या बुडाला आपला शिक्का. वहिनीचा शिक्का पानाचा, तिच्या नणंदेचा माशाचा, पलीकडे कुणाचा चांदणीचा, कुणाचा किल्लीचा. दिवसाला एकेकीच्या हाताखालून हजार बशा जायच्या.

नणंद तिच्या शेजारीच बसायची. वहिनीनंच तिला चौदा वर्षांपूर्वी चिकटवून दिलं होतं. ती पहिल्या दिवसापासून 'वहिनी, वहिनी' करायला लागली, म्हणून सगळी तपासणीच वहिनी म्हणायला लागली, आणि मग भट्टी, पॅकिंग, दारावरचा पहारेकरीसुद्धा. नणंदेला सगळे चिमणी म्हणायचे. अंगानं एवढीशी आणि तोंड दिवसभर चालू. नवऱ्याशी फारकत घेऊन एका मुलीला वाढवत होती.

आता भांडण कशाचं, तर हेडच्या जागेचं. तपासणीवर एक हेड असतो. त्यानं सगळ्यांच्या टोपल्यांतल्या थोड्या बशा पुन्हा ठोकून बघायच्या. त्याला खुर्ची मिळते, वेगळी खोली मिळते, शब्दाला वजन मिळतं. एकोणीस वर्षांत ही जागा चार वेळा रिकामी झाली आणि चारही वेळा तपासणीतल्या सहा जणींना सोडून भट्टीवरचा पुरुष आणून बसवला. शेवटचा जो आला त्याला तर ऐकायचं कसं हेही ठाऊक नव्हतं. वहिनीनंच त्याला तीन आठवडे शेजारी बसवून शिकवलं. ही घुमली, ही मेली, ही बघ अर्धवट मेली. शिकून झाल्यावर तो खुर्चीवर जाऊन बसला आणि पहिल्याच दिवशी वहिनीच्या टोपल्यातली बशी उचलून म्हणाला, "बाई, जरा लक्ष देऊन."

वहिनी त्याच दुपारी मॅनेजरकडे गेली होती. मॅनेजरनं चहा मागवला आणि गोड आवाजात सांगितलं, "हेडला भट्टीवाल्यांशी वाद घालावे लागतात. बाईमाणसाला ते जमत नाही. तुम्ही आहात तिथं सुखी आहात." तो चहा तिनं प्यायला नाही. तिथून ती सरळ वकीलबाई शोधायला निघाली.

"त्यांनी तोंडी एक कारण सांगितलं आणि लेखी दुसरंच दिलं," वकीलबाई आता म्हणाल्या. "तोंडी म्हणाले, बाईला जमत नाही. लेखी म्हणतात, या बाईच्या चुका सगळ्यांत जास्त. कारण बदललं की आपल्याला बोट ठेवायला जागा मिळते. पण या बशा आपल्या उरावर बसल्या आहेत. या खाली उतरवता आल्या नाहीत तर आपला दावा गेला, आणि कदाचित तुमची नोकरीसुद्धा."

"बाकीच्या शिक्क्यांच्या किती परत आल्या?"

"ते सांगत नाहीत. मी मागितलंय. तुम्ही एक करा. प्रत्येक बशीवर भट्टीचा आकडा असतो ना, कोणत्या दिवशी भाजली त्याचा? ते आकडे घरी नीट बघा."

वहिनी फोटोंचा कागद घेऊन घरी आली. नवरा आधीच आला होता, व्हरांड्यात उभा राहून फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होता. तिला बघितलं आणि म्हणाला, "बरं, मग बघू," आणि फोन ठेवला.

"कोण होतं?"

"कुणी नाही गं. कामाचं."

तो मालवाहू गाडी चालवायचा. त्याच्या कामाची माणसं फोनवर ओरडून बोलतात, हे शेजाऱ्यांनाही माहीत होतं. कुजबुजण्यासारखं काम गाडीच्या धंद्यात नसतं. इथं काहीतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं. तिनं टेबलावर कागद पसरला, भिंग घेतलं आणि आकडे उतरवायला बसली.

एकेचाळीस बशा, पण आकडे फक्त तीन. तीन दिवसांच्या भट्ट्या. भट्टीतली बशी दुसऱ्या दिवशी तपासणीला येते. म्हणजे तपासणीचेही तीनच दिवस. तिन्ही मंगळवार.

ती कॅलेंडरकडे गेली आणि तारखांवर बोट ठेवून बघितलं. त्या तिन्ही मंगळवारी, दुपारच्या सुट्टीनंतर, ती कारखान्यात नव्हतीच. ती वकीलबाईंच्या ऑफिसात बसली होती.

इथं तपासणीतली एक रीत सांगायला हवी. हजेरी सकाळी एकदाच लागायची. संध्याकाळी नुसते शिक्के मोजायचे, कुणी किती बशा केल्या ते. त्यामुळे कुणाला मधेच जायचं असलं, पोराच्या शाळेत बोलावलं, दात दुखला, म्हातारीला दवाखान्यात न्यायचं झालं, की ती शेजारणीला म्हणायची, "शिक्का ठेवून जाते." एवढं पुरायचं. शेजारीण मग दोघींच्या बशा ठोकायची आणि दोन्ही शिक्के मारायची. नियमात हे बसत नव्हतं. पण करत सगळेच होते. नवा हेडसुद्धा शिकाऊ असताना आपला शिक्का वहिनीजवळ ठेवून मासे धरायला गेला होता आणि एकही मासा न धरता आला होता.

दाव्याचं कुणाला कळू नये म्हणून वहिनीनं सुट्टी मागितली नव्हती. तिन्ही मंगळवारी तिनं शिक्का ठेवला होता चिमणीजवळ.

त्या रात्री तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही. आडवी होऊन नुसती जुळवत राहिली. चिमणी गेल्या पंधरा दिवसांत दोनदा मॅनेजरच्या खोलीत गेली होती. एकदा वहिनीनं स्वतः बघितलं, एकदा पॅकिंगवालीनं सांगितलं. विचारलं तर चिमणी म्हणाली, "मुलीच्या फीसाठी उचल मागायला गेले होते." आणि मग गप्प. चिमणी आणि गप्प! ज्या बाईचं तोंड झोपेतही चालतं, ती आठवडाभर बाकड्यावर मिठाची गुळणी धरल्यासारखी बसून होती. तडा गेलेल्या बशांवर वहिनीचा शिक्का मुद्दाम मारणं किती सोपं! कुणाला कळणार? आणि कळायच्या आधी मॅनेजरकडे जाऊन सांगायचं, परत आलेल्यांत पानाचा शिक्का शोधा.

पण चिमणी असं करेल? वहिनीनं स्वतःलाच विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, करणार नाही असं सांगता येत नाही. भट्टीवाल्याला शिकवलं तेव्हा तो तरी असं बोलेल असं कुठं वाटलं होतं?

रविवारी चिमणी मुलीला क्लासला सोडून नेहमीसारखी घरी आली. वहिनीनं तिच्यापुढे मटारची टोपली ठेवली. चिमणी खुर्ची ओढून सोलायला बसली. कारखान्याचा विषय तिनं काढला नाही. वहिनीनंही काढला नाही. दोघी मटाराबद्दल बोलल्या. मटार किडका निघाला, या विषयावर इतका वेळ बोलण्यासारखं काही नसतं.

मग वहिनी भांड्यांच्या फळीकडे वळली. तपासणीत काम केलेल्या माणसाला एक खोड लागते. कुठंही, हॉटेलात असो, लग्नात असो, तडकलेली बशी वाजली की तोंडातून आपोआप निघतं, "गेली." कामाचा शब्द तो. चिमणीला तर ही खोड इतकी, की एकदा डॉक्टरच्या दवाखान्यात कपाचा आवाज ऐकून ती "गेली" म्हणाली आणि ज्याची बायको आत डॉक्टरपाशी होती तो रांगेतला म्हातारा रडायलाच लागला.

फळीवर एक तडकलेली बशी होती. वहिनीचा हेतू साधा होता. बशी वाजवायची, चिमणी 'गेली' म्हणेल, मग म्हणायचं, घरी बसून एवढं कळतं तर त्या तीन मंगळवारी एकेचाळीस वेळा का कळलं नाही गं? चोर जागच्या जागी सापडला असता. तिनं बशी उचलली आणि चमच्यानं ठोकली.

खट्ट.

चिमणी मटार सोलत राहिली.

वहिनीनं पुन्हा ठोकली. जोरात. चिमणी म्हणाली, "दादा कुठं गेलाय?"

वहिनी तिच्या उजव्या हाताला उभी होती. ती टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला गेली, काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि हळूच, अगदी नखानं ठोकावं तसं ठोकलं.

"गेली," चिमणी म्हणाली. मान वर न करता.

वहिनीनं बशी परत फळीवर ठेवली. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बाकड्यावर चिमणी तिच्या डावीकडे बसायची. म्हणजे वहिनीच्या बशांचा ढीग चिमणीच्या उजव्या हाताला. दोघींचं काम एकटीनं उरकायचं, घाई, उजवीकडचा ढीग जागच्या जागी ठोकायचा आणि उजव्याच कानानं ऐकायचं. म्हणजे ऐकायचंच नाही.

चिमणी गेल्यावर तिनं नवऱ्याला धरलं.

"चिमणीच्या कानाचं तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं बूट काढता काढता एक बूट हातातच धरला. "तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे माहीत होतं."

"दोन वर्षं झाली. मीच नेलं होतं तिला डॉक्टरकडे. उजवा जवळजवळ गेलाय. तिनं मला मुलीची शपथ घातली, वहिनीला सांगायचं नाही म्हणून."

"का? मी काय खाणार होते तिला?"

"तू तपासणीत सगळ्यांत कडक. तिला वाटलं, तू तिला बशीला हात लावू देणार नाहीस. दिला असतास का?"

वहिनीनं दुसरंच विचारलं. "आणि फोनवर कुजबुजत होता ते?"

"तीच होती. ती कसल्यातरी पेचात आहे. काय ते सांगत नाही. नुसती विचारते, दादा, वहिनी माझ्यावर चिडलीय का?"

आता खरं तर इथं वहिनीनं नणंदेच्या घरी जाऊन सरळ विचारायला हवं होतं. अंतर किती, तर दोन गल्ल्या. पण संशय एकदा घरात शिरला की तो सगळ्यात आधी दार लावून घेतो. तिनं ठरवलं, चिमणीच बोलेल. आठवडाभर दोघी एकाच बाकड्यावर बसून हजार हजार बशा ठोकत राहिल्या आणि कुणीच बोललं नाही.

सोमवारी संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला.

"कंपनीनं साक्षीदारांची यादी दिलीय. एकच नाव आहे. तुमची नणंद."

वहिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि आणखी एक. कंपनीनं कळवलंय की पुढच्या महिन्यापासून हेडच्या जागेवर एका महिलेला नेमणार आहेत. कुणाला ते सांगायला नको. बाईला हेड केलं की भेदभाव कुठं राहिला, असं म्हणायचंय त्यांना. ऐकताय ना?"

"ऐकतेय."

ती मॅनेजरच्या खोलीतली ये-जा, ते गप्प राहणं, ती शपथ, सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. खुर्चीसाठी! वहिनीनं लढायचं, नोकरी पणाला लावायची, आणि खुर्चीवर कोण बसणार? तर जिला अर्धं ऐकूच येत नाही ती.

दुसऱ्या दिवशी ती वकीलबाईंच्या ऑफिसात गेली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "माझ्या नणंदेला उजव्या कानानं ऐकू येत नाही. दोन वर्षं. त्या बशा तिनं पास केल्या. लिहून घ्या."

वकीलबाईंनी लगेच पेन उचललं नाही. "हे कागदावर आलं की त्यांची तपासणीतली नोकरी संपते. कळतंय ना?"

"ती माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला येतेय. तुम्हाला कळतंय ना?"

वकीलबाईंनी लिहिलं, टाइप करून आणलं, वाचून दाखवलं. एक पान. खाली वहिनीनं सही केली. सावकाश, पूर्ण नावानिशी.

कामगार न्यायालयाची खोली लहान होती. वर पंखा, खाली लाकडी बाकं, भिंतीला लागून फायलींचे ढीग. कंपनीनं बशा दोन खोक्यांत भरून आणल्या होत्या. शिपायानं खोकं टेबलावर ठेवलं तेव्हा आतल्या बशा एकमेकींवर आपटल्या आणि वहिनीच्या तोंडून 'गेली' निघता निघता राहिलं.

चिमणी कंपनीच्या गाडीतून आली. मॅनेजरच्या मागोमाग, खाली बघत. अंगावर तिचा सगळ्यात चांगला कोट होता, मुलीच्या शाळेच्या समारंभाला घालायची तो. खुर्चीवर बसायची रंगीत तालीम चाललीय, वहिनीला वाटलं. वकीलबाईंच्या हातात तो कागद होता. त्यांनी तो फायलीच्या सगळ्यात वर ठेवला आणि त्यावर आपला चष्मा ठेवला.

चिमणीला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं. कंपनीचा वकील मऊ बोलणारा होता.

"तुम्ही चौदा वर्षं यांच्या शेजारी बसता?"

"हो."

"नात्यानं तुमच्या कोण?"

"वहिनी. माझ्याच नाही, सगळ्या कारखान्याच्या."

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. वकिलानं एक बशी उचलून पुढे केली. "हा शिक्का कुणाचा?"

"वहिनीचा."

"एकेचाळीस बशांवर हाच शिक्का आहे. सगळ्या तडकलेल्या. हा शिक्का कुणी मारला, ते न्यायालयाला सांगा."

"मी," चिमणी म्हणाली.

वकिलानं मान डोलावली, मग ती तशीच थांबली. "प्रश्न नीट ऐका. शिक्का कुणाचा ते विचारलं नाही. मारला कुणी?"

"मीच. ती तीन मंगळवार अर्धा दिवस बाहेर होती. शिक्का माझ्याजवळ ठेवून गेली होती. आम्ही ठेवतो असा. सगळेच ठेवतात. हे हेड बसलेत ना मागं, तेसुद्धा ठेवायचे. त्यांना मासे धरायचे असायचे."

खोलीत एकदम गलका झाला. मॅनेजर अर्धवट उठला. भट्टीवाला हेड खाली बघायला लागला. न्यायाधीशांनी पेन टेबलावर आपटलं.

वकीलबाईंचे डोळे चमकले. त्यांनी चष्मा उचलून नाकावर ठेवला, कागद हातात घेतला आणि उठायला लागल्या. वहिनीनं मागून त्यांचा काळा कोट धरला.

"बसा."

"अहो, हीच वेळ आहे. त्यांनी बशा का पास केल्या, ते आत्ता निघालं की विषय संपला."

"बसा म्हणते ना. कागद आत ठेवा."

"तुम्हीच लिहून दिलंय."

"मीच दिलंय, मीच सांगतेय. बसा!"

वकीलबाई बसल्या. पण कागद आत गेला नाही. तो त्यांच्या हातातच राहिला. पिंजऱ्यातून चिमणी त्या ओढाताणीकडे बघत होती.

आणि मग जे वहिनीनं थांबवलं होतं, ते दुसऱ्याच बाजूनं आलं. कंपनीच्या वकिलाचा मऊपणा संपला होता. तो स्वतःच्याच साक्षीदारावर धावून गेला.

"चौदा वर्षांचा अनुभव आणि एकेचाळीस तडकलेल्या बशा पास करता? मुद्दाम केलंत? की वहिनीनं शिकवून पाठवलंय? तडकलेली बशी तुम्हाला ऐकू येत नाही?"

चिमणीनं दोन्ही हातांनी कठडा धरला.

"नाही येत," ती म्हणाली. "उजव्या कानानं नाही येत. वहिनीचा ढीग माझ्या उजवीकडे होता. घाईत मी डावीकडे घेतला नाही. चूक माझी. तिची बशी तिनं ठोकली असती तर एकही सुटली नसती. मी चौदा वर्षं बघतेय. आणि साहेब, मला हेड करायचं ठरवलं तेव्हा यांनी माझ्याकडून एकसुद्धा बशी ठोकून घेतली नाही. नुसतं विचारलं, साक्ष देणार का?"

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी सांगितलं की या एकेचाळीस बशा अर्जदाराच्या कामात धरायच्या नाहीत. आणि चारही नेमणुकांची कागदपत्रं, शिवाय परत आलेल्या सगळ्या शिक्क्यांच्या बशांचा हिशेब, कंपनीनं पुढच्या तारखेला हजर करायचा. पुढची तारीख पाच आठवड्यांनी.

बाहेर व्हरांड्यात मॅनेजर चिमणीजवळ आला. "उद्यापासून तपासणीत बसायचं नाही. पॅकिंगमध्ये काही आहे का, बघावं लागेल."

"लेखी द्या," चिमणी म्हणाली. "तुमचं तोंडी एक असतं नि लेखी दुसरं."

वकीलबाई वहिनीला म्हणाल्या, "शिक्का ठेवल्याबद्दल तुम्हालाही नोटीस येईल. येऊ दे. मग हेडलाही द्यावी लागेल. आज आपलं पारडं जड आहे." मग हातातला कागद बघून त्यांनी तो चार घड्या करून वहिनीच्या हातात दिला. "हा आता नको मला. तुम्हीच ठेवा."

त्या गेल्या. जिन्यात कंपनीचा वकील भेटला तर त्याच्याशीही त्या काही बोलल्या, आणि दोघं हसले.

वहिनी आणि चिमणी बसथांब्याकडे चालू लागल्या. कंपनीची गाडी चिमणीला न घेताच गेली होती.

"मला आधी सांगायचं नाहीस?" वहिनी म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस? म्हणाली असतीस, चिमणे, तुझी नोकरी जाईल, तू गप्प बस. तुझा स्वभाव मला माहीत नाही होय? त्यांचीच साक्षीदार झाले, म्हणून तर पिंजऱ्यापर्यंत पोचले."

वहिनीला वाटलं, रस्त्यात कुठं तरी बसायला जागा असती तर बरं झालं असतं.

"वहिनी, तुझ्या वकीलबाई उठत होत्या, तू कोट ओढलास. त्यांच्या हातात कसला कागद होता?"

तारखांचा, असं म्हणता आलं असतं. मंगळवारचे आकडे लिहिलेला. चिमणीनं विश्वास ठेवला असता. तिनं वहिनीवर कधी संशय घेतलाच नव्हता.

"तुझ्या कानाचा," वहिनी म्हणाली.

चिमणी थांबली. "कधी लिहिलास?"

"या मंगळवारी."

"माझं नाव यादीत आल्यावर."

"हो."

"दाखव." मग कागद हातात आल्यावर तिनं तो उघडला नाही, परत वहिनीला दिला. "नाही, तूच वाच. मोठ्यानं वाच. आणि इकडे ये, डावीकडे. मला सगळं ऐकू यायला हवं."

वहिनी डावीकडे गेली. थांब्यावर दोन बाया आणि एक पोस्टमन उभा होता. तिनं घड्या उलगडल्या आणि वाचलं. नणंदेचं नाव, वय, नातं. उजव्या कानानं ऐकू येत नाही, ही गोष्ट कंपनीपासून लपवून ठेवली आहे. तपासणीच्या कामास अपात्र आहे. तिनं शेवटपर्यंत वाचलं, तारखेसकट. पोस्टमननं दुसरीकडे बघितलं.

"'अपात्र' तुझा शब्द की वकीलबाईंचा?"

"त्यांचा. पण मी खोडला नाही."

"सही बघू." चिमणीनं मान वाकवून बघितलं. "छान आलीय सही. घाईत केल्यासारखी वाटत नाही."

वहिनीनं कागद फाडायला धरला. चिमणीनं तिच्या हातावर हात ठेवला.

"फाडू नकोस. राहू दे तुझ्याकडे. आणि दादाला काय सांगायचं, ते तू ठरव. मी नाही सांगणार. मला गुपित ठेवता येतं."

बस आली. चिमणी चढली आणि खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. वहिनी दांड्याला धरून उभी राहिली, आणि उतरेपर्यंत उभीच राहिली.